नाव की नाद?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मनासारखा नसला की आपण नव्या गिटारीची किंमत विचारू लागतो. माझे म्हणणे असे, की आधी तारांखालचा पिकअप उघडून पाहावा. पोलादी तार कंप पावली की तेथील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि तांब्याच्या वेटोळ्यात वीज उमटते. वीजप्रवाहाची गुणगुण मारणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या ‘हंबकर’ पिकअपमध्ये तळाचे चार स्क्रू सैल केले, की चुंबकाची पट्टी सरकवून बदलता येते. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांवरून नाव पडलेल्या अल्निकोचे प्रकार अनेक : क्रमांक ५ चा आवाज बहुधा ठसठशीत, २ चा मऊ.

गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी हंबकरच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला. १९५७ मध्ये तो लेस पॉल गिटारीवर आला. त्या सुरुवातीच्या पिकअपमध्ये अल्निकोचे निरनिराळे प्रकार आढळतात, वेटोळ्यांचे फेरेही सारखे नाहीत. तरीही त्या ‘एका’ आवाजापायी आज लोक अफाट पैसे मोजतात!

म्हणून चुंबक जरूर बदलावा. पण ध्रुवांची दिशा जपावी आणि बाकी सारे तसेच ठेवावे. नवा चुंबक मोठ्याने वाजतो, एवढ्यावरून तो गोड ठरत नाही. आवाजाची पातळी सारखी करून, कोणता चुंबक आहे हे न सांगता, मित्राला ऐकवावे. किंमत आणि नाव पाहून कौल देण्याची आपली सवय अशाने सुटली, तर ते शिक्षण गिटारीपुरते राहणार नाही.