हिशेब मागणे पाप नव्हे
(धर्मगुरू झालेल्या मुलास पित्याचे पत्र)

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू आता एका धर्मग्रामाचा प्रमुखगुरू झालास. माझ्या वयाची माणसेही तुला ‘फादर’ म्हणून हाक मारतील. बाप होण्याचा अनुभव तुझ्यापेक्षा मला थोडा अधिक आहे. म्हणून हे चार शब्द, आणि तेही आडपडदा न ठेवता.

देवाला वाहिलेल्या पैशाचा हिशेब माणसांना कशाला द्यायचा, असे म्हणणारे धर्मगुरू आपल्याकडे आहेत. फादरांना हिशेब विचारणे म्हणजे पाप, असे मानणारे प्रापंचिकही आहेत. या समजुतीला श्रद्धेचे नाव देऊ नये. ती एकाच्या सोयीतून आणि दुसऱ्याच्या आळसातून जन्मली आहे.

पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहा. रोजच्या वाटपात ग्रीकभाषिक विधवांना डावलले जाते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. त्यांनी लोकांनाच सात माणसे निवडायला सांगितली आणि ते काम त्यांच्या हाती सोपवले. संत पौलाने येरुशलेमच्या गरिबांसाठी निधी जमवला, तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतला. कोणी बोट दाखवू नये म्हणून. प्रेषिताने जी काळजी घेतली, ती घेण्यात आजच्या धर्मगुरूला अपमान का वाटावा?

१९८३ सालच्या धर्मसंहितेचेही हेच सांगणे आहे. कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. ज्या कामासाठी दान मिळाले त्याच कामासाठी ते वापरावे, असे कलम १२६७ सांगते. भाविकांच्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कलम १२८७. आणि कलम १२८४ म्हणते की चर्चच्या मालमत्तेचा कारभार चांगल्या कुटुंबप्रमुखाच्या दक्षतेने करावा. म्हणजे ज्याला घर चालवायचे कळते, त्याचाच दाखला चर्चने तुला दिला आहे.

तू म्हणशील, ‘पाळकीय परिषदेचे मत सल्ल्यापुरतेच असते.’ मान्य. पण सल्ला निर्णयापूर्वी घ्यायचा असतो. आराखडा ठरला, ठेकेदार नेमला, पायाही खणला आणि मग सभा बोलावून टाळ्या मागितल्या, तर त्याला सल्ला कोण म्हणेल?

‘लोकांना बोलावले की भांडणे होतात, राजकारण शिरते,’ हा दुसरा आक्षेप. भांडण कोणत्या घरात होत नाही? उलट जेथे वही बंद असते, तेथेच नाक्यावर कुजबुज वाढते आणि निष्पाप धर्मगुरूही संशयाचा धनी होतो. शिवाय काही वर्षांनी तुझी बदली होईल. चर्च, त्यावरचे कर्ज आणि ते फेडणारी माणसे मात्र तेथेच राहतील.

वसईत १९१८ साली मॉन्सिनियर मोनीस या धर्मगुरूंनीच कॅथॉलिक बँक उभी केली आणि आपल्या माणसांना सहकाराची वाट दाखवली. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंद चाळून प्रश्न विचारणारा आपला माणूस चर्चच्या दारात आला की मुका का व्हावा? ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे संपलेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजानेही पारदर्शकता आणि उत्तरदायित्व यांचा आग्रह धरला, सहभागाच्या परिषदा सक्तीच्या कराव्यात असे म्हटले. तो दस्तऐवज कपाटात ठेवण्यासाठी लिहिलेला नाही.

तेव्हा वर्षातून एकदा रविवारच्या मिस्सानंतर जमाखर्च स्वतः वाचून दाखव आणि तो चर्चच्या दाराशी लाव. अर्थसमितीत माना डोलावणारेच भरू नकोस. बचतगटाची वही चोख ठेवणारी एखादी बाई घे, आणि तुला अडवून प्रश्न विचारणारा एखादा खडूस म्हाताराही घे. परिषदेत तुझ्या मनाविरुद्ध मत पडले, तर त्याच रात्री उत्तर देऊ नकोस. त्यावर प्रार्थना कर.

आपल्या तरुणांपैकी कित्येक जण श्रद्धा सोडून जात नाहीत. आपल्याला कोणी विचारत नाही, म्हणून ते मागच्या बाकावरून हळूच उठून जातात. त्यांना परत आणायला प्रवचन पुरणार नाही. त्यांच्यापुढे वही उघडावी लागेल.

तुझा,
बाबा