वरच्या मजल्यावरचं इंटरनेट

साकोली तालुक्यातल्या सानगडीत किंवा आसपासच्या कुठल्याही मोठ्या गावात आता एकाच अंगणात दोन काळांची घरं दिसतात. एक मातीच्या जाड भिंतींचं, कवेलूंचं. त्याला लागून दुसरं स्लॅबचं, दुमजली. इंटरनेटचा राउटर बसतो तो बहुतेक वेळा खालच्या बैठकीत, टीव्हीशेजारी. वायर घेऊन आलेल्या माणसाला ती जागा सोयीची पडते आणि घरच्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मुलांची अभ्यासाची खोली मात्र वर असते. मग बारावी झालेली मुलगी प्रवेशाचा अर्ज भरायला लॅपटॉप उचलून जिन्यात येऊन बसते, कारण वर फॉर्म अर्ध्यात अडकतो.

ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो, सातबारा ऑनलाइन मिळतो. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर मोबाइलवर आली. आधारभूत किमतीला धान विकायचं तरी नोंदणी ऑनलाइन. ज्या खोलीत सिग्नल नाही, तिथे बसणाऱ्याची ही सगळी कामं अडतात, आणि ती खोली बहुधा घरात शिकणाऱ्यांची असते.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजुरी दिली. तीच पुढे भारतनेट झाली. तिच्या रखडण्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पण फायबर दारात आल्यावरही शेवटचा टप्पा उरतोच, खालच्या खोलीतून वरच्या खोलीपर्यंतचा. तो ना सरकारच्या आराखड्यात असतो ना कंपनीच्या. तो घरच्यांनीच पार करायचा असतो, आणि त्याला फार खर्च येत नाही, हे गावोगाव सांगायला हवं.

एक जोडणी अनेकांनी वाटून घेणं महाराष्ट्राला नवं नाही. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात 1998 मध्ये कोल्हापूर-सांगलीतली सत्तर गावं संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. घरातली वाटणी त्याच सुमारास सोपी झाली. 1999 मध्ये आलेल्या विंडोज 98 च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाचं इंटरनेट दुसऱ्याला देण्याची सोय होती. अडचण एवढीच, की खालचा संगणक बंद केला की वरच्याचं इंटरनेटही गेलं. आज तेच काम राउटर रात्रंदिवस करतो. बाहेरून एकच पत्ता घेतो, घरातल्या प्रत्येक यंत्राला बहुधा 192.168 ने सुरू होणारा वेगळा पत्ता देतो आणि कुणी काय मागितलं याचा हिशोब ठेवतो. वाटणी तो बिनचूक करतो. माल वर पोहोचवताना मात्र त्याची गाडी अडते.

अडते ती स्लॅबमध्ये. चार-पाच इंच काँक्रीट आणि त्यात दोन्ही दिशांनी बांधलेल्या लोखंडी सळ्या, यातून वायफायचा सिग्नल जाताना बराच क्षीण होतो. 5 गिगाहर्ट्‌झचा वेगवान सिग्नल 2.4 च्या मानाने लवकर मरतो. मातीच्या जाड भिंतीही त्याला मानवत नाहीत, आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखीच कमी. शिवाय राउटरच्या उभ्या अँटेना सिग्नल आडवा, चहूबाजूंना पसरवतात. नेमका डोक्यावर तो सगळ्यात कमी असतो. म्हणजे अभ्यासाची खोली बरोबर राउटरच्या वर असेल तर अंतर कमी असूनही ती उपाशी राहते. दोनपैकी एक अँटेना आडवी करून पाहायला पैसे पडत नाहीत. लोखंडी कपाटामागून राउटर काढून जिन्याच्या तोंडाशी उंचावर ठेवायलाही नाही. निम्म्या घरांचं काम एवढ्यातच भागावं.

ज्यांचं भागत नाही ते बाजारातून रिपीटर आणतात आणि जिथे सिग्नलच पोहोचत नाही त्या खोलीत लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? त्याची जागा जिन्याच्या वळणावर, जिथे सिग्नल अजून धड आहे तिथे. तिथेही साधा रिपीटर एकाच चॅनेलवर घेतो आणि देतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो.

खरा इलाज केबलचा. खालच्या राउटरच्या मागे लॅनची भोकं असतात आणि बहुतेक घरांत ती रिकामीच असतात. त्यातून एक कॅट-6 केबल वर नेली की काम झालं. तांब्याची अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते आणि घराला पंधरा-वीस मीटर पुरतात. घेताना नीट पाहावं: अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा दिलेली स्वस्त वायरही सर्रास विकली जाते. केबलच्या आत आठ तारा, दोन-दोन पिळलेल्या. टोकाला त्या सरळ करून पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा क्रमाने लावायच्या, सारख्या कापायच्या, कनेक्टरच्या आतल्या टोकापर्यंत दाबून बसवायच्या आणि क्रिंपिंगच्या पकडीने दाबायच्या. दहावीतली मुलं हे एकदा पाहून शिकतात. शाळेच्या कार्यशाळेत हे शिकवावं, इतकं ते उपयोगाचं आहे.

वर साध्या संगणकाला केबल थेट लावता येते. मोबाइल आणि लॅपटॉपही असतील तर जुना राउटर टोकाला जोडावा, पण ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकून. तसं केलं नाही तर तोही आपल्या परीने पत्ते वाटू लागतो, घरात दोन कारभारी होतात आणि खालचा प्रिंटर वरून दिसत नाही. वीज गेली की दोन्ही डबे बंद पडतात, म्हणून छोटा बारा व्होल्टचा यूपीएस एका डब्यापुरता न घेता दोन्हींचा विचार करून घ्यावा.

एक धोका या भागात विशेष सांगायला हवा. जुन्या घरातून नव्या घरात, किंवा भावाच्या घरात, अंगणावरून उघडी केबल ताणलेली असते. पूर्व विदर्भात पावसाळ्यात विजांनी माणसं आणि जनावरं दगावतात, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. वीज जवळपास कोसळली तरी तांब्याच्या लांब केबलमधून येणारा झटका दोन्हीकडचे राउटर आणि संगणक जाळू शकतो. दोन घरांमध्ये न्यायची असेल तर धातूचा आधार नसलेली फायबर न्यावी, तिच्यातून वीज वाहत नाही. एकाच घरात केबल जिन्याच्या कडेने, आतूनच जावी.

आणि जे आत्ता घर बांधत आहेत त्यांना हे काम सगळ्यात सोपं आहे. सळ्या बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी वायरमन दिव्या-पंख्यांचे पाइप टाकतोच. त्याच वेळी बैठकीपासून वरच्या खोलीपर्यंत एक इंचाचा वेगळा पाइप टाकून घ्यावा. विजेच्या वायरी त्यात घालू नयेत, वळणं गोलसर ठेवावीत, आत नायलॉनची दोरी ओवून ठेवावी आणि दोन्ही तोंडं कापडाने बंद करावीत, म्हणजे सिमेंट आत जात नाही. वरचा मजला पुढे कधीतरी चढवू म्हणून कॉलमच्या सळ्या गच्चीवर सोडून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. त्यांच्या शेजारी हा पाइपही वर काढून टोपण लावून ठेवला, तर मजला चढेल तेव्हा स्लॅबला भोक पाडायला ड्रिल लावावं लागणार नाही.