पाणंदींच्या देशात मोटारसायकलवर

देशोदेशीचे शिवार



आज आपल्याला जायचे आहे आयर्लंडला. युरोपच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागरात असलेले हे बेट. बेटाचा ईशान्येकडील कोपरा ब्रिटनच्या राज्यात मोडतो. बाकीचा देश स्वतंत्र असून तो महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही लहान आहे. २०२२ च्या शिरगणतीत तिथली लोकसंख्या ५१ लाखांच्या थोडी वर भरली. गवत, गायी, मेंढ्या आणि पाऊस ही त्या देशाची चार लक्षणे. गेल्या जून महिन्यात मी डब्लिन शहरात एक मोटारसायकल भाड्याने घेतली आणि आठ दिवस एकट्याने तो मुलूख फिरलो. जून यासाठी की, त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर रात्री दहापर्यंत उजेड असतो. माणसाला दिवस पुरून उरतो.

मोटारगाडीत बसलेला माणूस शिवार काचेतून पाहतो. मोटारसायकलवाल्याला त्या शिवाराचा वास येतो. कापलेल्या गवताचा, शेणकाल्याचा, चुलीतल्या धुराचा. शिवाय एकटा माणूस दिसला की शेतकरी आपणहून बोलायला थांबतो, हा अनुभव तिथेही आला.

गायींच्या मापाचा रस्ता

तिकडे वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्या माणसाला अडचण पडत नाही. मोठ्या रस्त्यांचे काही सांगण्यासारखे नाही, ते सगळीकडे सारखेच. खरा आयर्लंड आहे तो पाणंदींवर. पाणंदीला ते ‘बोरीन’ म्हणतात. आयरिश भाषेत ‘बो’ म्हणजे गाय. तिच्यावरूनच रस्त्याचा शब्द निघाला आणि बोरीन म्हणजे लहान रस्ता. आपला ‘गो’ आणि त्यांचा ‘बो’ हे एकाच मुळापासून आलेले शब्द आहेत, असे भाषेचे जाणकार सांगतात. एका जुन्या आयरिश शब्दसंग्रहात तर रस्त्याचे मापच दिले आहे. एक गाय लांबीत आणि एक गाय आडवी उभी राहील एवढी रुंदी, तो रस्ता!

या बोरीनच्या दोन्ही अंगांना दगडी गडगे किंवा काटेरी कुंपण, मधोमध गवताचा पट्टा, आणि वळणावर अचानक समोर उभा ठाकणारा ट्रॅक्टर. गोठ्यातून दूध काढून परतणाऱ्या गायींचा मो रस्त्यावर पडलेला असतो. वर पाऊस झाला की चाक घसरलेच म्हणून समजा. फेब्रुवारी २०२५ पासून अशा गावरस्त्यांवरची वेगाची मर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली आहे. प्रत्यक्षात चाळिसाच्या पुढे जावेसे वाटत नाही. समोरून येणारा प्रत्येकजण, मग तो ओळखीचा असो वा नसो, चाकावरचे एक बोट उचलून रामराम करतो. दुसऱ्या दिवसापासून माझेही बोट आपोआप उचलू लागले.

पाऊस मात्र निराळा. पश्चिम भागात वर्षाला हजार ते चौदाशे मिलिमीटर पडतो. आपल्या कोकणाच्या मानाने हे काहीच नव्हे. पण कोकणचा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो, तिथला बारा महिने भुरभुरतो. म्हणून गवत कधी वाळत नाही आणि अंगावरचा रेनकोटही कधी वाळत नाही.

जळणाची माती

डब्लिनहून पश्चिमेकडे निघाले की देशाच्या मध्यभागी दलदलीचे विस्तीर्ण माळ लागतात. हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजत पडलेल्या वनस्पतींची ही काळी माती. लांब पात्याच्या फावड्याने तिच्या विटा कापायच्या, त्या उभ्या रचून वाऱ्यावर वाळवायच्या आणि हिवाळ्यात चुलीत घालायच्या. आपल्याकडे आयाबाया गोवऱ्या थापून कलवड रचतात, तसाच हा घरोघरचा उद्योग. या मातीवरून गेलेला रस्ता खालून खचत राहतो. मोटारसायकल होडीसारखी वर-खाली होते.

सरकारी कंपनी पूर्वी यंत्रांनी ही माती काढून विजेच्या कारखान्यांना पुरवीत असे. ते काम तिने २०२१ साली कायमचे बंद केल्याचे जाहीर केले. ही माती म्हणजे जमिनीत साठलेला कार्बन. ती जाळली की तो हवेत जातो. आता तेच माळ पुन्हा पाण्याखाली आणण्याचे काम चालू आहे. वाडवडिलांपासून हक्क असलेली कुटुंबे मात्र घरच्या चुलीपुरत्या विटा अजून कापतात.

दुधाची पहिली सोसायटी

तिथून दक्षिणेकडे वळून लिमरिक जिल्ह्यातील ड्रमकॉलोहर या छोट्या गावी गेलो. वारणा, संगमनेर, कोल्हापूरकडच्या वाचकांना हे गाव आवडेल. आयर्लंडमधली पहिली सहकारी दूध सोसायटी इथे १८८९ साली निघाली. होरेस प्लंकेट नावाच्या, घरच्या जमीनदार पण शेतकऱ्यांची कळकळ असलेल्या गृहस्थाने ती चळवळ उभी केली. तोवर प्रत्येक घरी लोणी घुसळले जाई आणि व्यापारी ठरवील तो भाव मिळे. मलई वेगळी करण्याचे यंत्र आले, पण ते एकट्या शेतकऱ्याला झेपणारे नव्हते. मग शेतकऱ्यांनी भाग घेऊन ते मिळून विकत घेतले. १८९४ साली अशा सोसायट्यांची मध्यवर्ती संस्थाही निघाली. जुन्या डेअरीच्या जागी आज संग्रहालय आहे.

तिथल्या दुधाचे गणित गवतावर चालते. गायी फेब्रुवारी-मार्चमध्ये वितील अशा बेताने भरवतात, म्हणजे गवताला जोर येतो तेव्हाच दुधालाही जोर येतो. मे-जूनमध्ये गवत कापून त्याचे मोठाले गोल गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. हाच मुरघास. विकतचे खाद्य जेवढे कमी, तेवढा धंदा फायद्याचा, हे त्यांचे साधे सूत्र. आपल्याकडे बारमाही हिरवे गवत नाही, पण सूत्र तेच आहे.

खडकावरचा हिवाळा

उत्तरेला क्लेअर जिल्ह्यात ‘बरेन’ नावाचा चुनखडीच्या खडकाचा उघडाबोडका प्रदेश आहे. लांबून पाहिले तर इथे बकरीही जगणार नाही असे वाटते. आणि तिथली रीत सगळ्या जगाच्या उलट! इतरत्र गुरे उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात खाली असतात. इथे ती हिवाळ्यात वर चढवतात. चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते, पाणी झिरपून जात असल्याने गुरांना पायाखाली कोरडे मिळते आणि खडकाच्या भेगांत गवत टिकते. उन्हाळ्यात गुरे वर नसल्याने तिथे दुर्मिळ रानफुले फुलतात. हिवाळ्यात चरणी झाल्यामुळेच झुडपे माजत नाहीत. फुले राखायची तर गुरे हवीत, हे तिथल्या शेतकऱ्यांनी शास्त्रज्ञांना पटवून दिले आहे.

बटाट्याची राख

गॉलवे शहर मागे टाकून कॉनेमारात शिरलो. डोंगर, तळी आणि रस्त्यात बसलेल्या, पाठीवर रंगाचे पट्टे मारलेल्या मेंढ्या. संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की ओसाड डोंगरउतारांवर सरी-वरंबे दिसू लागतात. आज तिथे नांगर नाही, माणूस नाही. हे वरंबे बटाट्याचे आहेत आणि त्यांतले कितीतरी १८४५ नंतर मोकळे पडले ते आजतागायत.

त्या साली बटाट्यावर करपा आला. आपल्या मंचर-खेडच्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेला, रात्रीत पाने काळी करणारा तोच करपा. गरीब कुळांच्या चांगल्या जमिनीवरचे धान्य जमीनदाराच्या खंडात जाई. पोटाला उरे तो फक्त बटाटा, आणि तोही बहुतेक ‘लंपर’ या एकाच जातीचा. जात एक, म्हणून रोगाने एकही शेत सोडले नाही. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, दहा लाखांहून अधिक देशोधडीला लागली. त्या काळातही बंदरांतून धान्य, लोणी आणि जनावरे परदेशी जातच होती. १८४१ साली बेटावर ८१ लाखांवर माणसे होती. आज, पावणेदोनशे वर्षांनंतरही, दोन्ही भाग मिळून ती सत्तर लाखांच्याच आसपास आहेत.

सरकारने दुष्काळी कामे काढली. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांवर लोक खडी फोडत होते, कुठेही न जाणारे रस्ते बांधत होते. हे वाचताना १९७२ आठवणार नाही असा घरातला वडीलधारा माणूस विरळा. पण आपल्याकडे खडी फोडणाऱ्यांना मजुरी आणि सुकडी मिळाली, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तिथे मजुरी इतकी तुटपुंजी आणि उशिरा मिळे की माणसे कामावरच कोसळत.

पुढे डूलॉक नावाच्या तळ्याकाठी मोटारसायकल थांबवली. १८४९ च्या मार्चमध्ये शेकडो भुकेले लोक मदतीच्या अधिकाऱ्यांना भेटायला या खोऱ्यातून थंडीवाऱ्यात चालत गेले. रिकाम्या हातांनी त्यांना परत पाठवले आणि कित्येक वाटेतच मेले. तिथे दगडी क्रूस उभा आहे आणि त्यावर आपल्या गांधीजींचे वचन कोरले आहे. दुसऱ्याची मानखंडना करून माणसाला मोठेपणा वाटतो तरी कसा, असा त्याचा भावार्थ. घरापासून इतक्या लांब, निर्जन खोऱ्यात ते नाव वाचून मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

‘बॉयकॉट’ इथला

शेवटचा मुक्काम मेयो जिल्ह्यात. १८७९ साली कासलबार गावी कुळांनी ‘लँड लीग’ ही संघटना स्थापली. पुढच्या वर्षी लॉक मास्क तळ्याकाठचा एक कारभारी खंड कमी करीना, उलट कुळांना हुसकावू लागला. गावाने हात उगारला नाही. गड्यांनी काम सोडले, दुकानदारांनी माल दिला नाही, लोहाराने काम केले नाही. सरकारने बाहेरून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. पाचशे पौंडांचे पीक काढायला दहा हजार पौंड लागले! त्या कारभाऱ्याचे नाव चार्ल्स बॉयकॉट. त्याच्या नावाचा शब्द जगभर गेला. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतला ‘बहिष्कार’ तो हाच. पुढे १९०३ च्या कायद्याने कुळांना सरकारी कर्जाने जमिनी विकत घेण्याची सोय झाली आणि कसणारा मालक बनला. आपल्याकडे तो दिवस १ एप्रिल १९५७ रोजी उगवला.

मेयोतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी चहा झाला. रेडिओवर हवामानाच्या बातम्यांत बटाट्याच्या करप्याचा इशारा लागला. बारा तास हवा दहा अंशांच्या वर आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांवर राहिली की रोग पसरतो, त्यावरून असा इशारा देतात. म्हातारबाबा बोलता बोलता थांबले आणि उठून रेडिओचा आवाज मोठा केला. त्यांच्या परसात बटाट्याच्या दोनच ओळी होत्या. पण त्या दोन ओळींतही त्यांनी तीन जाती लावल्या होत्या.

शेतकरी बंधूंनो, एका जातीवर सगळे शिवार टाकू नका. आणि यंत्र एकट्याला झेपत नसेल तर चौघांनी मिळून घ्या. हे आपल्यालाही कळते, पण त्या लोकांनी त्याची किंमत फार मोजली आहे.