मत्स्यबीज सोडण्यापूर्वी पाण्याची पारख

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी जोमाने येते, म्हणून तेच बियाणे सांगोल्याच्या मुरमाड माळावर कोणी तशाच भरवशाने पेरीत नाही. बियाणे घेण्यापूर्वी रानाची पारख करावी, हे सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यास कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. मत्स्यसंवर्धनाच्या बाबतीत मात्र हाच शहाणपणा पुष्कळदा बाजूस राहतो. पावसाळ्यात तलावात पाणी दिसले की त्यात बीज सोडावे, अशी समजूत रूढ झाली आहे. या समजुतीमुळे बीजाचा पैसा वाया जातो, आणि त्याहून मोठी हानी ही की, एकदा हात पोळलेले गाव पुढे अनेक वर्षे ‘आमच्याकडे मासे होत नाहीत’ असे म्हणत राहते.

मासा पाणी पाहून राहतो, हे तत्त्व सर्वत्र सारखेच आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत साल्मन माशाची पिले ओढ्यांत सोडतात. तेथे ओढ्याचे पाणी थंड व वाहते आहे काय, तळाशी वाळूगोट्यांचा थर आहे काय, हे आधी पाहिले जाते. गाळाने भरलेला ओढा कितीही जवळचा असला तरी त्यासाठी उपयोगी पडत नाही. सोलापूरच्या उन्हात साल्मन जगणार नाही. येथील मासे म्हणजे कटला, रोहू व मृगल. कटला पाण्याच्या वरच्या थरातील, रोहू मधल्या थरातील आणि मृगल तळाचे अन्न खातो. म्हणून तिन्ही एकत्र सोडल्यास पाण्यातील सर्व अन्नाचा उपयोग होतो. या माशांना ऊब मानवते, परंतु पाणी पुरेसे खोल, पुरेसे दिवस टिकणारे व शत्रूंपासून शक्य तितके मोकळे असावे लागते.

पहिला प्रश्न पाणी किती दिवस टिकते हा होय. जिल्ह्यातील सर्व जलाशय या दृष्टीने सारखे नाहीत. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या सुमारे ११७ अब्ज घनफूट साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृत साठा आहे. त्यामुळे उपयुक्त पाणी संपून साठा ‘उणे’ मोजला जाऊ लागला, तरी माशांस आसरा उरतो. आदिला नदीवरील एकरुख तलाव १८७१ सालचा आहे. दीडशे वर्षे गाळ साठत आलेल्या अशा जुन्या तलावांचा विस्तार मोठा दिसला तरी खोली पूर्वीइतकी असतेच असे नाही. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून गावोगाव जे पाझर तलाव झाले, त्यांचे तर कामच पाणी जमिनीत मुरवून विहिरींस देणे हे आहे. जो तलाव आपले काम चोख करतो, तो माशांसाठी लवकर आटतो, यात नवल नाही. जेथे भर उन्हाळ्यात निदान दीड मीटर पाणी राहते, तो जलाशय बारमाही समजावा. जेथे सात-आठ महिने पाणी टिकते, तेथे मोठी बोटुकली सोडून उन्हाळ्यापूर्वी मासे काढून घ्यावे. जेथे संक्रांतीलाच तळ उघडा पडतो, तेथे बीज सोडूच नये. याची माहिती केवळ कागदावर शोधू नये. काठावरचा विहीरमालक, गुराखी आणि पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणारे भोई व कोळी यांना विचारावे. गेल्या पाच वर्षांत कोणत्या महिन्यात पाणी कोठवर होते, हे त्यांच्याइतके अचूक दुसरा कोणी क्वचितच सांगेल.

दुसरा प्रश्न त्या पाण्यात आधीपासून कोण राहते हा आहे. मरळ, शिवडा यांसारखे मांसाहारी मासे बोटभर पिलांचा फडशा पाडतात. चिलापी झपाट्याने वाढून अन्नात वाटेकरी होते. तळे लहान असल्यास ते उन्हाळ्यात कोरडे करावे, अथवा मोहाची पेंड हेक्टरी एक मीटर खोलीस २,५०० किलो या प्रमाणात टाकून नको असलेले मासे काढावे, आणि दोन-तीन आठवडे लोटल्यावर बीज सोडावे. माणसे व जनावरे ज्या तळ्याचे पाणी पितात, तेथे हा उपाय करू नये. मोठ्या तलावात तर तो शक्यच नसतो. तेथे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे आठ ते दहा सेंटिमीटर लांबीची बोटुकली सोडणे. इंचभर मत्स्यबीज मोठ्या तलावात सोडणे म्हणजे शिवड्यास मेजवानी देणे होय.

तिसरा प्रश्न पाण्याच्या गुणाचा. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तळवा अंधुक होऊन दिसेनासा झाला व पाण्यास हिरवट छटा असली, तर नैसर्गिक अन्न पुरेसे आहे असे समजावे. तळवा स्वच्छ दिसला तर अन्न थोडे आहे. मनगटापाशीच तो दिसेनासा झाला तर पाणी अति दाट आहे, आणि पहाटे प्राणवायू कमी पडून मासे वर तोंड काढण्याचा संभव आहे. जलपर्णीने झाकलेले, गावाचे सांडपाणी येणारे अथवा कारखान्याची मळी मिसळणारे पाणी वगळावे. सांडव्यावर जाळी बसविता येत नसेल, तर तेही वजा कारण धरावे. पुराच्या पाण्याबरोबर मासे निघून जातात.

या तिन्ही कसोट्यांना सोलापूरची एक विशेष अडचण येऊन मिळते. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो. माशांचे बीज मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तयार होते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूष ग्रंथीच्या अर्काने कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून बीजासाठी केवळ नद्यांच्या पुरावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. परंतु मासा प्रजननास पावसाळ्याचेच दिवस घेतो. बीज येते तेव्हा येथील तलावांत डबके असते, आणि तलाव भरतो तेव्हा बीजाचा हंगाम सरत आलेला असतो.

या दोन महिन्यांचे अंतर शेततळे भरून काढू शकते. सांगोला, पंढरपूर भागांत डाळिंब व द्राक्षांसाठी प्लॅस्टिक अंथरलेली अनेक शेततळी झाली आहेत. त्यांत जुलैमध्ये गुंठ्यास दोन हजार या प्रमाणात मत्स्यबीज घ्यावे आणि भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग देऊन ते वाढवावे. तीस मीटर लांब-रुंद शेततळे सुमारे नऊ गुंठ्यांचे भरते. त्यात अठरा हजार बीज सोडून निम्मे जगले तरी नऊ हजार बोटुकली हाती येते. खाद्य न देता हेक्टरी हजार या हिशेबाने ती नऊ हेक्टरांच्या तलावास पुरते. पक्ष्यांसाठी वर जाळी ताणावी, आणि फवारणीचा पंप त्या तळ्यात कदापि धुऊ नये. सप्टेंबरअखेर तलाव भरल्यावर बोटुकलीच्या पिशव्या सकाळी पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यात तरंगत ठेवून मगच तोंड उघडावे. शेततळ्याच्या मालकास बोटुकलीचे मोल मिळते आणि मच्छीमार संस्थेस योग्य वेळी योग्य आकाराचे बीज मिळते.

एक कसोटी पाण्याची नव्हे, माणसांची आहे. ज्या तलावावर उसाच्या मोटारी बसल्या आहेत, तेथील पाणी मार्चमध्ये कोठवर जाईल हे निसर्ग ठरवीत नाही. बीज सोडण्यापूर्वीच ग्रामसभेत शेतकरी व मच्छीमार यांनी एकत्र बसून, तळाचे किती पाणी राखावयाचे अथवा मासे कोणत्या तारखेपूर्वी काढावयाचे, हे ठरवून ठराव लिहून ठेवावा. पिकास पाणी हवेच, परंतु आधी ठरलेली तारीख भांडण टाळते.

यावर असे म्हटले जाते की, बीज स्वस्त आहे, सगळीकडे सोडावे, कोठेतरी चार मासे जगतीलच. हा युक्तिवाद सोयीचा असला तरी खरा नव्हे. बीज स्वस्त असेल, पण ठेक्याची रक्कम, जाळी, राखण आणि संस्थेच्या सभासदांचे एक वर्ष स्वस्त नसते. या युक्तिवादाचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. अहवालात ‘इतके लाख बीज सोडले’ असा आकडा मागितला जातो, म्हणून तो भरला जातो. ज्वारीच्या पिकाचा हिशेब पेरलेल्या पायल्यांवर होत नाही, खळ्यावरच्या पोत्यांवर होतो. माशांचाही हिशेब जाळ्यात आलेल्या किलोंवरच व्हावयास हवा. तसा तो झाला, तर दहा तलावांपैकी सहा नाकारून चारांतच बीज सोडणारा ग्रामकार्यकर्ता कामचुकार न ठरता जाणता ठरेल.

पुढील जुलैच्या बीजाची मागणी नोंदविण्यापूर्वी प्रत्येक गावी एक काम करता येईल. मे महिन्यात तलावाच्या काठी जावे, उरलेले पाणी काठीने मोजावे आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या वहीत लिहावा. त्या एका आकड्यावरून तलावाची अर्धी पारख होते.