गांडूळ मेलं, जंताचं काय?

औंढा नागनाथच्या डोंगरपट्ट्यात पळसाला तोटा नाही. फुलोरा ओसरला की चपट्या शेंगा लागतात, प्रत्येकीच्या टोकाशी एकच बी. ती पळसपापडी. पळसपापडी, वावडिंग, कपिला ही जंतांवरची जुनी औषधं, ग्रंथांतली आणि आजीच्या बटव्यातलीही. त्यांची परीक्षा व्हायलाच हवी. शेळ्या-मेंढ्यांतले जंत अनेक ठिकाणी अल्बेंडाझोलच्या गटातल्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत.

पण परीक्षा होते कशी? औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थी प्रकल्पांत बहुधा गांडुळांवर. ओल्या मातीतली गांडुळं धुऊन काचेच्या बशीत अर्कात सोडतात. शेजारच्या बशीत तुलनेला पिपराझिन किंवा अल्बेंडाझोल. गांडूळ लुळं कधी पडलं, मेलं कधी, हे घड्याळ लावून टिपतात. खात्रीसाठी ते कोमट पाण्यात बुडवून पाहतात. मग निष्कर्ष छापून येतो: वनस्पतीत जंतनाशक गुण.

गांडूळ वलयी प्राणी, ओलसर कातडीतून श्वास घेणारं. पोटातला गोल जंत वेगळ्याच संघातला, चिवट आवरणाचा, आतड्यातल्या रसांत टिकून राहणारा. अर्कही मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम इतका दाट असतो. पोटातल्या अर्ध्या लिटर द्रवात तेवढी तीव्रता आणायची तर 25 ग्रॅम अर्क लागेल. तो लेकराला कोण पाजणार? जंताला मारणारं द्रव्य माणसालाही सोसेलच असं नाही. चेनोपोडियमचं तेल एकेकाळी अंकुशकृमींवर सर्रास देत. त्याच्या विषबाधेने माणसं दगावली. वावडिंगातल्या एम्बेलिनचा प्रजननावर परिणाम प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसला आहे, तरी वावडिंगाचं पाणी तान्ह्या बाळांना बिनधास्त पाजतात. त्यात बाजारातलं वावडिंग खरंच वावडिंग असेल याची हमी नाही. सारखी दिसणारी दुसरीच फळं त्या नावाने खपतात.

बशीतल्या गांडुळाची बातमी वाचून कुणी 10 फेब्रुवारीची अंगणवाडीतली जंताची गोळी नाकारली, तर नुकसान त्या मुलाचं. संशोधकाचा प्रबंध तोवर मंजूर झालेला असतो.

खरी परीक्षा गोठ्यात सुरू होते. जंत असलेल्या शेळ्यांचे दोन गट करावेत, एकाला पळसपापडीची ठरलेली मात्रा द्यावी, दुसऱ्याला काहीच नाही; औषधाआधी आणि 10 ते 14 दिवसांनी लेंड्यांतली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजावीत. काम किचकट आणि वास मारणारं आहे. बशी त्यामानाने स्वच्छ असते.