नाव बिघडले ते वाचताना

परकीयांनी आमच्या गावांची नावे बिघडवली, ही आपली जुनी तक्रार. १९९५ साली बॉम्बेचे अधिकृतपणे मुंबई झाले, तेव्हा ती बऱ्याच अंशी मिटली असे आपण मानले. पण ही नावे नेमकी कुठे बिघडली, हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेत नाही. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला कागदावरच्या नावाची ताकद ठाऊक असते. आईने काहीही ठेवलेले असो, खातेवहीत चढले तेच माणसाचे नाव. गावांचेही तसेच झाले.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. १५३४ च्या तहाने वसई, साष्टी, मुंबईचा मुलूखही त्यांच्या हाती आला. महसूल वसूल करायचा तर गावांची नावे कागदावर हवीत. ती त्यांनी कानाने ऐकून आपल्या लिपीत उतरवली, आणि त्यांचा कान आपण समजतो तितका वाईट नव्हता. पणजी, पेडणे, केपे, मुंबई, वसई या नावांच्या शेवटी त्यांनी 'एम' हे अक्षर जोडले. पोर्तुगीज भाषेत शब्दाच्या शेवटचा हा 'एम' ओठ मिटून म्हणायचा नसतो. आधीचा स्वर नाकातून काढा, एवढीच ती खूण. म्हणजे आपला अनुस्वारच! कोकणीत पेडणें, केपें यांतला अनुस्वार आजही ऐकू येतो. मराठीत १९६२ च्या नियमांनी असे अनुस्वार लिहिणे आपण सोडून दिले. मडगाव आणि माझगाव यांतल्या 'गांव'चा नाकातला उच्चार त्यांनी अक्षरावर नागमोडी रेघ काढून दाखवला. म्हापशासाठी 'सी'च्या खाली शेपटी जोडली, म्हणजे तो 'स' वाचला जावा.

घोटाळा पुढे झाला. ही अक्षरे इंग्रजीच्या सवयीने वाचली गेली. शेपटी गळून पडली आणि म्हापशाचे 'मापुका' झाले. 'एम' ओठ मिटून म्हटला गेला आणि पणजीचे 'पंजिम' झाले. आमच्या बँकेतले एक सहकारी मुंबईहून बदलीवर गोव्यात आले होते. ते स्टँडवर 'क्वेपेम'च्या बसची चौकशी करत होते, आणि शेजारीच कंडक्टर 'केपें, केपें' म्हणून ओरडत होता.

याचा अर्थ पोर्तुगीज निर्दोष होते असा नव्हे. मुंबईच्या उत्तरेचे बेट साष्टी आणि गोव्यातला तालुकाही साष्टी. या नावात सहासष्ट गावांचा हिशेब आहे असे परंपरा सांगते. पोर्तुगीजांच्या 'साल्सेत'मध्ये तो हिशेब बुडाला. शिवाय ऐकून लिहिणे वेगळे आणि सत्तेच्या जोरावर नवे नाव ठोकून देणे वेगळे. वास्को द गामा हे शहर अजून त्याच नावाने नांदते आहे.

पण राज्यकर्ते गेले. १९४७ ला इंग्रज, १९६१ ला पोर्तुगीज. त्यानंतरच्या चुका कोणाच्या नावावर टाकायच्या? मुंबईतले कोळी आपल्या गावाला वेसावे म्हणतात. २०१४ मध्ये तिथे मेट्रो आली, ती देवनागरीतही 'वर्सोवा' लिहून. शीव म्हणजे गावाची हद्द, हा अर्थ 'सायन' म्हणताना कोणाच्या मनात येतो? इंग्रजी पाटीवरून मराठी नाव उतरवून घेण्याची सवय आपलीच आहे.

मोठ्या शहरांच्या नामांतरासाठी ठराव होतात, मोर्चे निघतात. लहान गावाला तेवढे नशीब नसते. त्याचे नाव सातबाऱ्यावर एक, बसच्या पाटीवर दुसरे आणि मोबाइलच्या नकाशात तिसरेच. ते जपायला कोणता कायदा लागत नाही. पाटी रंगवण्याआधी, बातमी छापण्याआधी, नकाशात नाव भरण्याआधी तिथल्या एखाद्या म्हातारीला विचारावे, "आजी, तुमच्या गावाला काय म्हणतात?" आणि ती सांगेल ते देवनागरीत जसेच्या तसे लिहावे. त्यासाठी लागणारी सगळी अक्षरे आपल्याकडे आहेत.