वीजवाहिनीमुळे ऊस जळाला, तर जबाबदारी कोणाची?

गाळप हंगामात उसाचे फड पेटल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पाचट वाळलेले असते, वारा सुटतो, झोळ पडलेल्या तारा एकमेकींना लागतात आणि ठिणगी पडते. मग भरपाई कोण देणार, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने हाच प्रश्न फार मोठी किंमत मोजून हाताळला. तिथला अनुभव आपल्यालाही उपयोगी आहे.

कॅलिफोर्नियात काय घडले?

८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी पीजी अँड ई या कंपनीच्या पारेषण वाहिनीवरील सुमारे शंभर वर्षे जुना, झिजलेला हूक तुटला. सुटलेली तार मनोऱ्याला लागली, ठिणग्या पडल्या आणि खालचे वाळलेले गवत पेटले. या वणव्यात ८५ जणांचा बळी गेला आणि १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२० मध्ये तिने ८४ मृत्यूंबाबत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला.

कॅलिफोर्नियात आग वीज कंपनीच्या यंत्रणेमुळे लागली हे सिद्ध झाले, तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही मालमत्तेची भरपाई मागता येते. पण भरपाईने गाव परत उभे राहत नाही. म्हणून तिथे कंपन्यांना आग प्रतिबंधक आराखडा सादर करणे बंधनकारक आहे. वाहिन्यांची तपासणी, फांद्यांची छाटणी, आवरण असलेल्या तारा आणि जोराच्या वाऱ्यात वीजपुरवठा बंद ठेवणे ही कामे त्यात येतात. शेवटच्या उपायाची झळ शेतकऱ्यांनाही बसते, कारण वीज गेली की विहिरीवरचे पंप थांबतात.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले की वीजपुरवठा हे धोकादायक काम आहे. तुटलेल्या तारेने जीव गेला तर निष्काळजीपणा नव्हता असे सांगून मंडळाला सुटता येत नाही. ते प्रकरण मृत्यूचे होते. वीज कायदा २००३ मधील कलम १६१ सुद्धा माणसे व जनावरांच्या अपघातांविषयी बोलते. त्यामुळे केवळ पीक जळाले असेल, तर आगीचे कारण दाखवणारा पुरावाच तुमचा खरा आधार ठरतो.

नेमकी अडचण इथेच येते. जळालेल्या उसाचे वजन आणि साखर झपाट्याने घटते, म्हणून आपण तोडणीची घाई करतो. ती करावीच लागते. पण त्या घाईत पुरावाही निघून जातो.

काय करावे?

आगीपूर्वी:
• लोंबकळणाऱ्या तारा, वाकलेले खांब, तेल गळणारे रोहित्र यांची तक्रार हंगामाआधी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले नंतर सिद्ध करता येत नाही.
• लघुदाब तारांमध्ये स्पेसर बसवण्याची मागणी करा.
• रोहित्राभोवतीचे व तारांखालचे पाचट, गवत काढून टाका. तारांना किंवा खांबाला स्वतः हात लावू नका.

आगीनंतर:
• वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारांजवळ जाऊ नका आणि पाणी मारू नका.
• तारा, खांब, जळालेले क्षेत्र यांचे फोटो व व्हिडिओ काढा.
• त्याच दिवशी महावितरण, पोलीस व तलाठी यांना लेखी कळवा. पंचनाम्यात आग कुठून सुरू झाली याची नोंद करून घ्या.
• विद्युत निरीक्षकांकडे तपासणीसाठी अर्ज करा. त्यांचा अहवाल दाव्यात सर्वांत महत्त्वाचा ठरतो.
• कारखान्याची वजन पावती आणि जळीत उसाच्या कपातीची नोंद जपून ठेवा.
• भरपाई नाकारली, तर वकिलाच्या सल्ल्याने ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालयात दाद मागा.

कृषी सहायकांनी गावातील धोक्याच्या जागांची यादी ऑक्टोबरमध्येच करून ग्रामपंचायतीमार्फत महावितरणला द्यावी. आराखडा म्हणजे याहून वेगळे काही नाही. आणि तोडणी करताना एक लक्षात ठेवा: तारेखालचा, आग जिथून सुरू झाली तो तुकडा पंचनामा होईपर्यंत तसाच राहू द्या.